लक्ष, नजर आणि पाळत : लोकेशन शेअरिंगवरचा एक जुना सर्व्हे वाचताना

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावरच्या मुलामुलींचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. हल्ली त्यांत एक विषय पुन्हा पुन्हा दिसतो : सोशल मीडियावर लोकेशन शेअर करताना स्मार्टफोन वापरणाऱ्यांना प्रायव्हसीचे कोणते धोके जाणवतात. हा विषय का घ्यावासा वाटतो ते कळतं. फोन सगळ्यांकडे आहे, गूगल फॉर्म फुकट आहे, आणि कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक टाकली की आठवड्याभरात भरपूर उत्तरं जमतात. प्रश्नावली कुठून आणायची हा प्रश्नही बहुतेकांनी सोडवलेला असतो. एका जुन्या पेपरमधले प्रसंग उचलायचे, मराठीत आणायचे, पुढे पाच पर्यायांचा लाईकर्ट स्केल लावायचा, झालं.

तो पेपर मला आवडतो. म्हणूनच तो कसा उचलू नये, हे जरा सविस्तर लिहिते आहे.

पेपर अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला. जेनिस त्साई, पॅट्रिक गेज केली, लॉरी फेथ क्रेनर आणि नॉर्मन सादेह हे त्याचे चार लेखक. २००९ मध्ये तो टीपीआरसी या धोरणविषयक परिषदेत मांडला गेला आणि २०१० मध्ये माहिती-समाजाचे कायदे आणि धोरण या विषयाच्या एका जर्नलमध्ये छापून आला. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात इंटरनेट वापरणाऱ्या ५८७ अमेरिकन लोकांचा ऑनलाइन सर्व्हे. दुसऱ्यात तेव्हाच्या ८९ लोकेशन शेअरिंग सेवांमध्ये प्रायव्हसीसाठी काय काय सोयी होत्या त्याची पाहणी. सर्व्हेचे निष्कर्ष थोडक्यात असे : ७२.४ टक्के लोकांनी असल्या सेवांबद्दल ऐकलेलं होतं. आपलं लोकेशन कोणाला दिसेल यावर आपला ताबा हवा, ही त्यांची सर्वांत मोठी काळजी होती. एकंदरीत फायद्यांपेक्षा धोके जास्त, असं त्यांचं मत पडलं. सर्वांत संभवनीय वाटलेले तोटे दोन : आपलं घर कुठे आहे ते इतरांना कळणं, आणि कोणीतरी आपला पाठलाग करणं. सर्वांत मोठे वाटलेले फायदेही दोन : आणीबाणीत माणूस शोधता येणं, आणि आपल्या मुलांचा माग ठेवता येणं.

शेवटची दोन वाक्यं पुन्हा एकदा वाचा. मला जे म्हणायचंय ते तिथेच आहे. पण आधी पेपरचं जे देणं आहे ते देऊन टाकू.

त्या काळी प्रायव्हसीवरच्या सर्व्हेंची एक ठरलेली पद्धत होती. 'तुम्हाला तुमच्या प्रायव्हसीची किती काळजी वाटते?' असे सरसकट प्रश्न विचारायचे आणि उत्तरांवरून माणसांचे गट पाडायचे. अ‍ॅलन वेस्टिन यांचे तीन गट तुम्ही वाचले असतील : कट्टर, व्यवहारी आणि बेफिकीर. अशा प्रश्नाला 'खूप काळजी वाटते' असं म्हणायला काहीच खर्च येत नाही. त्साई आणि सहकाऱ्यांनी त्याऐवजी प्रसंग समोर ठेवले, आणि प्रत्येक प्रसंगाबद्दल दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारल्या. हे घडण्याची शक्यता किती? आणि घडलंच तर नुकसान किंवा फायदा किती मोठा?

हे वेगळं विचारणं महत्त्वाचं आहे. समजा, लोकेशन पाहून जाहिरातींचा मारा होण्याची शक्यता तुम्ही ५ पैकी ५ दिलीत आणि त्रास २ दिलात. पाठलागाची शक्यता २ दिलीत आणि नुकसान ५ दिलंत. गुणाकार केला तर दोन्हीकडे १०. (हे आकडे माझे, पेपरमधले नव्हेत.) पण या दोन दहांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पहिल्यात माणूस वैतागून फोन बाजूला ठेवेल, दुसऱ्यात राहतं घर बदलेल. शक्यता आणि तीव्रता वेगळी नोंदलेली असेल तर हा फरक डेटामध्ये टिकतो. तुमच्या प्रश्नावलीत 'धोका किती?' असा एकच प्रश्न असेल तर तो गोळा करतानाच नाहीसा होतो आणि नंतर कुठलंही सॉफ्टवेअर तो परत आणून देत नाही. पेपरमधून काही उचलायचंच असेल तर हे उचला.

दुसरा भाग, म्हणजे त्या ८९ सेवांची पाहणी, आता मुख्यतः इतिहास म्हणून वाचायचा. त्यांचं म्हणणं असं की नियम ठरवण्याची विविधता फार नव्हती, पण किमान म्हणावी इतकी सोय होती.

कोणाला विचारलं, कधी विचारलं

पेपरच्या वर्षाकडे नीट पाहा. अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झालं. गूगल लॅटिट्यूड फेब्रुवारी २००९ मध्ये आलं, फोरस्क्वेअर मार्च २००९ मध्ये. फेसबुक प्लेसेस यायला ऑगस्ट २०१० उजाडलं. म्हणजे ज्या वस्तूच्या धोक्यांबद्दल लोकांना विचारलं जात होतं, ती वस्तू बाजारात जेमतेम उतरत होती. ऐकलंय म्हणणारे ७२.४ टक्के आहेत, पण ऐकणं आणि वापरणं यांत अंतर आहे. लेखकांनाही ते ठाऊक आहे. या सेवांचं संभाव्य मूल्य लोकांना अजून समजलेलं नाही, असं ते स्वतःच म्हणतात.

या 'अजून'वर मी अडते. त्यात एक गृहीत लपलंय : मूल्य आहेच, लोकांना कळायला उशीर लागतोय. तंत्रज्ञानावरच्या पुष्कळ पेपरांत हा 'अजून' सापडतो. लोकांनी वस्तू नाकारली की ते 'न समजणं', स्वीकारली की ते 'समजणं'. वाचताना अशा छोट्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारायची सवय लावून घ्या.

आता याच्या शेजारी दुसरा पेपर ठेवा. यान्ने लिंडक्विस्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या काय परिषदेत फोरस्क्वेअर खरोखर वापरणाऱ्यांवरचा अभ्यास मांडला. मुलाखती आणि दोन सर्व्हे. तिथले लोक चेक-इन करत होते, मेयरपद मिरवत होते, आणि प्रायव्हसी आपापल्या जुगाडाने सांभाळत होते. काही जण तर जागेवरून निघताना चेक-इन करत, म्हणजे जगाला पत्ता कळेपर्यंत आपण पुढे गेलेलो.

सिनॉप्सिसमध्ये हे दोन पेपर शेजारी आले की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : लोक बोलतात एक आणि करतात एक, यालाच प्रायव्हसी पॅराडॉक्स म्हणतात. सुझन बार्न्स यांचा २००६ चा लेख संदर्भाला, काम फत्ते. थांबा. पहिल्या अभ्यासातली माणसं आणि दुसऱ्यातली माणसं एकच आहेत का? पहिल्यात बहुतांशी न वापरणारे, दुसऱ्यात आपणहून वापरणारे. ज्यांना धोका मोठा वाटला ते वापरायला आलेच नाहीत, म्हणून दुसऱ्या सॅम्पलमध्ये दिसत नाहीत. यात विरोधाभास काही नाही, गाळणी आहे. शिवाय निघताना चेक-इन करणारा माणूस बोलण्याविरुद्ध वागतोय असं कुठे आहे? तो तर धोका ओळखून वागतोय. तुमच्या प्रश्नावलीत 'तुम्ही लोकेशन शेअर करता का? हो किंवा नाही' एवढंच असेल, तर हा माणूस 'हो'मध्ये मोजला जाईल आणि बेफिकीर ठरेल.

एकच कृती, दोन रकाने

आता मूळ मुद्दा. पाठलाग तोट्यांच्या यादीत आहे. मुलांचा माग ठेवणं फायद्यांच्या यादीत आहे. फोनच्या दृष्टीने या दोन गोष्टींत फरक काय? काहीच नाही. एका माणसाचा ठावठिकाणा दुसऱ्या माणसाला, पहिल्याने त्या क्षणी न सांगता, दिसत राहतो. बदलली ती फक्त उत्तर देणाऱ्याची जागा. पहिल्या प्रसंगात तो दिसणारा आहे, दुसऱ्यात पाहणारा. ते फायद्याचं उत्तर आईबाप म्हणून दिलेलं आहे. ज्याच्या फोनमधून लोकेशन निघतं, त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या जागी बसून ते दिलेलं नाही.

म्हणजे 'वापरकर्त्यांना फायद्यांपेक्षा धोके जास्त वाटतात' या वाक्यातला वापरकर्ता एक माणूस नाही. तो कधी शोधणारा आहे, कधी शोधला जाणारा. दोन्ही उत्तरं एकाच्याच नावावर जमा केली आणि एकमेकांसमोर तोलली, तर तराजूच्या दोन पारड्यांत दोन वेगळ्या माणसांचं वजन पडतं. आईला मिळालेला निवांतपणा वजा मुलाला जाणवलेला जाच, ही वजाबाकी कोणाच्या डोक्यात झाली? कोणाच्याच नाही. ती आपण केली, कागदावर.

मराठी माणसाला हे पटकन कळायला हवं, कारण आपल्या भाषेत या एका कृतीला तीन वेगळे शब्द आहेत. गावाला जाताना आपण शेजाऱ्यांना म्हणतो, घराकडे जरा लक्ष ठेवा. आई म्हणते, पोरीवर लक्ष ठेवायला हवं. तीच पोर मैत्रिणीला सांगते, घरचे माझ्यावर नजर ठेवून असतात. आणि नवऱ्याने बायकोचा फोन तपासायला सुरुवात केली की तिसरा माणूस म्हणतो, तो पाळत ठेवतोय तिच्यावर. लक्ष, नजर, पाळत. कृती तीच. कोण कोणाबद्दल आणि कुठे उभं राहून बोलतंय, त्यावर शब्द ठरतो. कार्नेगी मेलनच्या प्रश्नावलीत हा फरक प्रसंगांच्या शब्दरचनेत आधीच ठरवून टाकलेला आहे. मुलांच्या बाबतीत माग ठेवणं, अनोळखी किंवा नकोशा माणसाच्या बाबतीत पाठलाग. उत्तर देणाऱ्याला फक्त आकडा निवडायचा आहे.

आणि सगळ्यात अवघड प्रसंग या दोघांच्या मधले असतात. लग्न ठरलेला मुलगा लाईव्ह लोकेशन मागतो. हॉस्टेलवरच्या मुलीला मोठा भाऊ म्हणतो, चालू ठेव, मला झोप लागत नाही. रात्रीच्या एसटीने निघालेल्या मुलीला वडील सांगतात, पोचेपर्यंत बंद करू नकोस. यांतला कुठला धोका आणि कुठला फायदा? त्या मुलीला विचारलंत तर ती म्हणेल, दोन्ही, आणि तेही एकाच वेळी. वडिलांनी पाहत राहावं असं तिला बस शहराबाहेर पडेपर्यंत वाटतं आणि मैत्रिणीच्या खोलीवर पोचल्यावर वाटत नाही. हे उत्तर एक ते पाचमध्ये कुठे बसतं, ते मला सांगा.

व्हॉट्सअ‍ॅपने २०१७ मध्ये लाईव्ह लोकेशन आणलं तेव्हा वेळेच्या मर्यादा दिल्या : पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास. कागदावर हा वापरणाऱ्याच्या हाती दिलेला ताबा आहे, अगदी त्साई आणि सहकाऱ्यांच्या सॅम्पलला हवा होता तसा. पण आठ तास संपले आणि पुन्हा चालू केलं नाही, की विचारणा होते, बंद का केलंस? बटण तिच्या हातात आहे, पण ते दाबण्याची किंमत घरात मोजावी लागते. 'नकार द्यायला काय किंमत पडते' हा प्रश्न प्रश्नावलीत नसेल तर ताब्याबद्दलची उत्तरं अर्धवट राहतात. याच गटाने त्या काळात लोकॅचिनो नावाची सेवा बांधली होती, ज्यात कोणाला, केव्हा, कुठे असताना लोकेशन दिसावं याचे बारीक नियम लावता येत. संगणकशास्त्राच्या नजरेने हे काम सुंदर आहे. मात्र बाबांसाठी वेगळा नियम लावलाय हे बाबांना कळलं, की तो नियम हाच एक निरोप होतो.

या बाबतीत त्याआधीचा एक छोटा अभ्यास मला जास्त सूक्ष्म वाटतो. सनी कॉन्सोल्व्हो आणि सहकाऱ्यांचा, २००५ चा. सॅम्पल फक्त १६ जणांचं. तुमचे गाईड हा आकडा पाहून नाक मुरडतील, मुरडू देत. त्यांनी सहभागींना त्यांच्याच ओळखीच्या खऱ्या माणसांच्या नावाने काल्पनिक विचारणा पाठवल्या : अमुक व्यक्ती आत्ता तुमचं लोकेशन विचारते आहे, सांगाल का? यातून दिसलं की कोण विचारतंय, कशासाठी विचारतंय आणि विचारणाऱ्याला कितपत तपशील उपयोगी पडेल, या तीन गोष्टींवर उत्तर ठरतं. लोक पत्ता मुद्दाम धूसर करून सांगत नव्हते. उपयोगी पडेल ते सांगत, नाहीतर सांगतच नसत. इथे 'दुसरा माणूस' प्रश्नाच्या आत आहे, नावासकट. ५८७ जणांच्या सर्व्हेत तो प्रसंगाच्या वर्णनातली एक सावली आहे. सॅम्पल मोठं असणं आणि प्रश्न नेमका असणं यांत निवड करायची वेळ आली, तर पहिल्या वर्षी नेमका प्रश्न निवडा.

'जाणवणारा' धोका म्हणजे कोणाला जाणवणारा

धोक्यांच्या आकलनावर काम करणाऱ्या प्रत्येकाने पॉल स्लोविक यांचा सायन्समधला १९८७ चा लेख वाचलेला असावा. त्यात ३० गोष्टींची धोकादायकपणानुसार लावलेली क्रमवारी आहे. अणुऊर्जेला महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पहिल्या क्रमांकावर ठेवलं, तज्ज्ञांनी विसाव्या. पण लोक अडाणी आणि तज्ज्ञ शहाणे, असा धडा स्लोविक देत नाहीत. सामान्य माणसाच्या धोक्याच्या कल्पनेत वर्षाकाठी किती मेले याच्यापलीकडचं बरंच काही असतं : दहशत, अनोळखीपण, आपल्या हातात काही नसणं. शक्यता गुणिले तीव्रता हा तज्ज्ञांचा हिशेब आहे. लोकांना त्याच हिशेबात उत्तरं द्यायला लावायची आणि मग 'हे लोकांचं आकलन' म्हणायचं, यात थोडी गडबड आहेच.

लोकेशनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ज्याला चेहरा आहे तो धोका जाणवतो. घराचा पत्ता कळणं, मागे कोणी लागणं, या गोष्टी डोळ्यांसमोर आणता येतात. ज्याला चेहरा नाही तो धोका यादीत असला तरी मनात उभा राहत नाही. ईव्ह-अलेक्सांद्र द मॉन्ज्वा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये १५ लाख लोकांचा १५ महिन्यांचा मोबाईल डेटा तपासला. नावं काढलेली, जागा फक्त टॉवरपुरती ढोबळ, वेळ तासापुरती. तरीही वेळ आणि जागेचे कुठलेही चार ठिपके ९५ टक्के लोकांना गर्दीतून वेगळं काढायला पुरेसे होते. हा धोका प्रसंग म्हणून लिहून पाहा. 'तुमच्या हालचालींचे चार ठिपके कोणीतरी जोडेल, याची शक्यता किती?' उत्तर देणारा मधला पर्याय निवडेल आणि पुढे जाईल. तो मध्यबिंदू 'लोकांना या धोक्याची फारशी फिकीर नाही' असा वाचू नका. त्याला प्रश्न दिसलाच नाही.

दाखवला की दिसतो. २०१५ च्या एका प्रयोगात, ज्यात क्रेनर आणि सादेह दोघंही होते, २३ जणांच्या फोनवर सूचना पाठवल्या गेल्या : तुमचं लोकेशन अमुक अमुक अ‍ॅप्सना इतक्या वेळा गेलं. एका सूचनेतला ५,३९८ हा आकडा पेपरच्या नावातच आहे. या सूचना पाहिल्यावर ९५ टक्के सहभागींनी आपल्या परवानग्या पुन्हा तपासल्या, ५८ टक्क्यांनी त्यांतल्या काही आणखी आवळल्या. २००९ च्या सर्व्हेवरची ही सर्वांत चांगली टीका मला वाटते, आणि ती त्याच दोघांच्या हातून झाली. आकलन हे डोक्यात तयार पडलेलं असतं आणि आपण ते फक्त मोजून आणतो, असं नाही. काय दाखवलं त्यावर ते हलतं. तुमची प्रश्नावली हेही एक दाखवणंच आहे. पहिल्याच पानावर पाठलागाचा प्रसंग ठेवलात तर पुढची सगळी उत्तरं त्याच्या सावलीत येतील.

आणि 'तुम्हाला किती नुकसान' या प्रश्नातला 'तुम्हाला' तरी पुरेसा आहे का? फेब्रुवारी २०१० मध्ये काही डच तरुणांनी प्लीज रॉब मी नावाची साईट काढली. लोकांनी ट्विटरवर जाहीरपणे टाकलेले फोरस्क्वेअर चेक-इन तिथे ओळीने दिसत, म्हणजे बघा, हे सगळे आत्ता घराबाहेर आहेत. गाजली ती चोरीच्या कल्पनेमुळे. पण त्यांनी आणखी एक बाब दाखवून दिली होती, तिच्याकडे कमी लक्ष गेलं : तुमच्याकडे आलेला मित्र तुमच्याच घरून चेक-इन करतो, त्यासाठी तुमचा पत्ता त्यात घालतो, आणि तुम्ही ते अ‍ॅप कधी उघडलेलंसुद्धा नसतं. इथे धोका पत्करणारा एक आणि भोगणारा दुसरा. धोक्याचं आकलन मोजायला तुम्ही यांपैकी कोणाकडे फॉर्म पाठवणार?

फोन एकाचा नसतो

आपल्याकडे सर्व्हे करताना आणखी एक गृहीत ढासळतं : एक फोन, एक माणूस. नित्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ स्त्रियांशी बोलून केलेला अभ्यास जरूर वाचा. तो लोकेशनवर नाही, फोनवरच्या एकूण खासगीपणावर आहे. घरात फोन मागितला जातो, हाताळला जातो, आणि नाही म्हणता येत नाही. म्हणून बायका अ‍ॅपला कुलूप लावतात, निवडक गोष्टी पुसतात, काही गोष्टी फोनवर करायचंच टाळतात. प्रायव्हसी ही आपल्यासाठी नाही, श्रीमंत बायकांसाठी आहे, असं म्हणणारी बाईसुद्धा हेच करत असते. तिला 'तुम्हाला प्रायव्हसीची काळजी वाटते का?' विचारलंत तर ती नाही म्हणेल. तिच्या हातातला फोन मात्र हो म्हणत असेल.

इथून भाषांतराचा मुद्दा सुरू होतो, आणि मराठीत सर्व्हे करणाऱ्यांचा खरा घात इथेच होतो. प्रायव्हसीला बहुतेक मसुद्यांत 'गोपनीयता' लिहिलेलं असतं. सरकारी मराठीत ते चालतं. पण गोपनीय म्हणजे लपवून ठेवण्यासारखं. तुम्हाला गोपनीयतेची किती चिंता आहे, असं विचारलं की साध्या माणसाला वाटतं, माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे? तो 'अजिबात नाही'वर टिक करतो, आणि तुमच्या चॅप्टर चारमध्ये ग्रामीण वापरकर्त्यांत जागरूकता कमी असल्याचा निष्कर्ष निघतो. 'खासगीपणा' थोडा बरा. त्याहून बरं म्हणजे नामच टाळून प्रसंग सांगणं : तुम्ही कुठे आहात हे तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाकोणाला कळलेलं चालेल?

'स्टॉकिंग'ला 'पाठलाग' लिहिलं की डोळ्यांसमोर मोटरसायकल येते. क्लासपासून घरापर्यंत मागे येणारा मुलगा. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत आलेल्या ३५४ ड कलमात, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात, स्त्रीच्या इंटरनेट आणि ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणंही या गुन्ह्यात धरलंय. पण पाठलाग हा शब्द वाचून उत्तर देणारीच्या मनात ते येत नाही. पुन्हा 'रिस्क'साठी धोका लिहायचा की जोखीम? जोखीम आपण पत्करतो, धोका येऊन आदळतो. दोन्ही शब्द बॅक ट्रान्सलेशनमध्ये आरामात 'रिस्क' होऊन परत येतात, त्यामुळे तज्ज्ञांकडून केलेली तपासणी पास होते. क्रॉनबाख अल्फाही छान येतो. प्रश्न एकमेकांबरोबर हलतात एवढंच अल्फा सांगतो. ते हलताना माणसाच्या मनात मोटरसायकल होती, बाबा होते की गूगल, हे त्याला माहीत नसतं.

एवढं सगळं वाचून विषय बदलायची गरज नाही. प्रसंगांत कोण पाहणारा आणि कोण दिसणारा ते लिहा, आणि शक्य असेल तिथे एकच प्रसंग दोन्ही बाजूंनी विचारा. घरटी एक फॉर्म न घेता जोडी घ्या : आई आणि मुलगी, दोन भाऊ, नवरा-बायको. दोघांची उत्तरं वेगवेगळ्या खोलीत, एकमेकांना न दाखवता. कमिटी म्हणेल, अशा जोड्या दोनशे कुठून मिळणार? चाळीस मिळाल्या तरी तुमच्याकडे अशी गोष्ट असेल जी ५८७ जणांच्या त्या सर्व्हेत असूच शकत नव्हती : दोघांच्या उत्तरांमधली दरी. परवानगीच्या फॉर्मवर मात्र वेळ घालवा, कारण मुलीने काय सांगितलं हे बाबांना कळणं हाच इथे सर्वांत मोठा धोका आहे, आणि तो तुम्ही आणलेला असेल. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना घेणार असाल तर पालकांची परवानगी लागते. म्हणजे ज्याची नजर मोजायची आहे त्याच्याच सहीने आत जायचं. यावर सोपा उपाय माझ्याकडे नाही. मी माझ्या ओळखीतल्यांना अठराच्या वरचेच सहभागी घ्यायला सुचवते आणि ही मर्यादा प्रबंधात ठळक लिहायला सांगते.

आणि पायलट करताना फॉर्म वाटू नका. आठ-दहा जणांना समोर बसवा, प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि उत्तर निवडताना मनात काय आलं ते बोलायला सांगा. याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात, त्याला चहाशिवाय काही खर्च येत नाही. ते बोलत असताना वहीत तीन रकाने आखून ठेवा, आणि लक्ष, नजर, पाळत यांतला कुठला शब्द त्यांनी आपणहून वापरला, कोणाबद्दल बोलताना वापरला, ते तारखेसह टिपून घ्या.